हॅलोविनचं भूत दुसऱ्या दिवशी कुठं जातं?

31 ऑक्टोबर 2024 ला एक मजेशीर योग जुळून आला होता. त्या दिवशी पहाटे नरक चतुर्दशी होती आणि संध्याकाळी हॅलोविन. म्हणजे रत्नागिरीतल्या एखाद्या घरात पहाटे अभ्यंगस्नान उरकून तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं गेलं, गोविंदा गोविंदा झालं, कडू रस जिभेला लावून तोंडं वाकडी करून झाली; आणि त्याच घरातली धाकटी मंडळी संध्याकाळी प्लॅस्टिकचे सुळे लावून सोसायटीच्या पार्टीला गेली. सकाळी एक राक्षस मारला, संध्याकाळी दुसरा अंगावर चढवला.

आता कोडं असं आहे. महिन्याभरानं हे दोन राक्षस शोधायला निघालो, तर काय हाती लागेल? कारीट लागणार नाही. त्याचा गर किड्यामुंग्यांनी आणि बुरशीनं केव्हाच संपवला असेल, चार बिया मातीत गेल्या असतील. सुळे मात्र लागतील. रबर तुटलेला मुखवटा लागेल, काळ्या झग्याची झिरमिळी लागेल, चॉकलेटची चकचकीत वेष्टनं तर हमखास लागतील. पुढच्या नरक चतुर्दशीलाही लागतील.

हॅलोविन आपलं की परकं, हा वाद मी इथं घालणार नाही. मुलांना भूत व्हायला आवडतं आणि कोकणात तर भुतांचा कधीच तुटवडा नव्हता. प्रश्न एवढाच आहे, की एक राक्षस विरून जातो आणि दुसरा मागं का उरतो? ते एकदा कळलं, की कमी कचऱ्याचं हॅलोविन कसं करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

सडायला पकड लागते

एखादी गोष्ट सडते म्हणजे तिला कुणीतरी खातं. खाणारे असतात जिवाणू आणि बुरशी. त्यांना दात नसतात. ते अंगातून विकरं सोडतात. विकर म्हणजे एक प्रकारचं प्रथिन. ते समोरच्या पदार्थाच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांचे लहान तुकडे करतं. ते तुकडे मग जिवाणू शोषून घेतो.

पण विकराला तोडायला जागा सापडावी लागते. नारळ सोलणाऱ्याला विचारा. जमिनीत रोवलेल्या पहारेचं टोक सोडणात शिरलं, की एका हिसक्यात सोडण निघतं. तेच टोक गुळगुळीत दगडावर कितीही आपटलं तरी घसरतं. भोपळा, कापूस, कागद, सुंभ, बांबू या सगळ्यांच्या मुळाशी सेल्युलोज आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या साखरेचे रेणू एकापुढं एक जोडून झालेली साखळी. दोन रेणूंमधला सांधा कसा तोडायचा, हे जिवाणू आणि बुरशी कोट्यवधी वर्षांपासून शिकून बसले आहेत. पॉलिथिनची साखळी मात्र नुसत्या कार्बनला कार्बन जोडून झालेली असते. तिथं असा सांधाच नाही, त्यामुळं टोक शिरत नाही.

हॅलोविनचे तयार पोशाख बहुतेक पॉलिस्टरचे असतात. पॉलिस्टरच्या साखळीत सांधे आहेत, पण ती इतकी घट्ट आणि दाट रचलेली असते की नेहमीच्या विकरांची मात्रा तिथं फारशी चालत नाही. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी साकाई शहरात पाण्याच्या बाटल्यांचं, म्हणजे पॉलिस्टरच्याच जातीचं, प्लॅस्टिक खाणारा एक जिवाणू शोधला तेव्हा जगभर बातमी झाली, ती त्यामुळंच. तो खातो खरा, पण अगदी सावकाश, आणि तुमच्या गटारात तो बसलेला नाही.

उन्हात पडलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, चुरतं, मग दिसेनासं होतं. लोकांना वाटतं, गेलं. ते गेलेलं नसतं, फक्त बारीक झालेलं असतं. रत्नागिरीत याचा हिशेब आणखी सरळ आहे. ऑक्टोबर अखेरीस पाऊस गेलेला असतो, पऱ्हे आटत आलेले असतात. रस्त्याकडेला पडलेलं वेष्टन सहा-सात महिने उन्हात कुरकुरीत होत पडून राहतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर थेट समुद्राकडं निघतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावाला झाडू मारायला दुसरं कुणी लागत नाही. फक्त हा झाडू केर उचलत नाही, मिरकरवाडा बंदरापुढच्या पाण्यात नेऊन टाकतो. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, वेळासपासून गावखडीपर्यंत, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. फुटलेले फुगे आणि प्लॅस्टिकचे पापुद्रे खाद्य समजून कासवं गिळतात.

ही नुसती आपली तक्रार नव्हे. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या दोन संस्थांनी 19 दुकानांतले हॅलोविनचे 324 कपडे तपासले. त्यांतलं 83 टक्के साहित्य खनिज तेलापासून केलेलं प्लॅस्टिक निघालं.

संकासुराची पेटी

मग राक्षसाचं सोंग कचरा न करता घेता येतं का? रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे माशाला पोहायला येतं का, असं विचारणं आहे. शिमग्यात गुहागर-चिपळूणकडं संकासुर बघा. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात कापडाचा पिळलेला फटका. त्याच्या घुंगरांचा आवाज आला की अंगणातली पोरं घरात पळतात आणि खिडकीतून बघत बसतात. सोबत गोमू, म्हणजे बाईचं सोंग घेतलेला पुरुष, असते, ढोल असतो, आणि घरोघर जाऊन पोस्त मागितलं जातं. दारोदार फिरणारी सोंगं, भ्यायलेली मुलं, हातावर टेकवलेला नारळ किंवा पैसे. हॅलोविनमधलं यात काय नाही, ते मला तरी सापडलेलं नाही.

फरक आहे तो दुसऱ्या दिवशी. शिमगा संपला की संकासुराचा झगा, टोपी, घुंगरू पेटीत जातात आणि पुढच्या फाल्गुनात बाहेर निघतात. झगा फाटला तर ठिगळ लागतं. अंगात घालणारा बदलतो, झगा तोच राहतो. पर्यावरणाच्या दृष्टीनं ही पेटी म्हणजे अख्ख्या सणातली सगळ्यात शहाणी वस्तू आहे.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘प्लॅस्टिक वाईट, सुती चांगलं’ असं म्हणून आपण नवा सुती झगा शिवून आणला आणि एकदा घालून टाकून दिला, तर काही साधत नाही. एका सुती टी-शर्टचा कापूस पिकवण्यापासून तो शिवून होईपर्यंत सुमारे 2700 लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. उलट कुणाकडं पॉलिस्टरचा चेटकिणीचा झगा आधीच असेल, तर तो बाहेर काढून दहा वर्षं दहा मुलांनी घालावा. टाकून दिल्यानं तो जास्त पवित्र होत नाही. भूत कशाचं केलं, यापेक्षा ते किती वर्षं टिकवलं, हे आधी बघायचं.

नवं सोंग घ्यायचंच असेल तर बाजारात कशाला जायचं? मुंज्याला एक पांढरा पंचा पुरतो. देवचाराला घोंगडी आणि काठी लागते, आणि ती दोन्ही आजोबांच्या खोलीत असतात. हडळीला आईची जुनी साडी आणि मोकळे केस. समंध, गिऱ्हा, खवीस यांना कुणी पाहिलेलंच नसल्यामुळं तिथं गोणपाटापासून सुंभापर्यंत सगळं चालतं. वेताळ व्हायचं असेल तर चामड्याच्या दणकट वहाणा हव्यात. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाला भाविक अशा मोठमोठ्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या फेरीत त्या झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे.

शिमग्यात सगळं आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. होळीसाठी दरवर्षी झाड तुटतं आणि तेवढी झाडं लावली जातातच असं नाही. आपले राक्षसही सगळे कारिटाइतके सोज्वळ नाहीत. शेजारी गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या भल्यामोठ्या प्रतिमा उभ्या करून पहाटे जाळतात. गवत आणि कागद जळून जातो, लोखंडी सांगाडे आणि तारा रस्त्याकडेला राहतात, आणि त्यांवरून दरवर्षी ओरड होते. जुनं आहे म्हणून स्वच्छ, असा नियम नाही.

आधी घारगे, मग कंदील, मग आळं

हॅलोविनचा कंदील मुळात भोपळ्याचा नव्हता. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ही मंडळी अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. थोडक्यात, जे परसात पिकतं ते कोरायचं, हीच त्या सणाची मूळ रीत. तेव्हा आपण तांबडा भोपळा घ्यावा, जून तवसं घ्यावं, कच्ची पपई घ्यावी, नाहीतर नुसती करवंटी घेऊन तापवलेल्या खिळ्यानं तिला डोळे पाडावेत. परदेशी जातीचा नारिंगी भोपळा वातानुकूलित दुकानातून आणण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. साल शाबूत असेपर्यंत तो माळ्यावर महिनोन्‌महिने टिकतो, कारण साल हाच त्याचा चिलखती अंगरखा. सालीला भोक पाडलं की आतला ओला, गोड गर हवेतल्या बुरशीला उघडा पडतो. आयर्लंडच्या थंडीत असा कंदील आठवडाभर उभा राहील. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून लव डोकावू लागते. म्हणून भोपळा त्याच दिवशी दुपारी कोरायचा. गर चमच्यानं खरवडून काढायचा, कुजायला ठेवायचा नाही. गूळ घालून शिजवून त्याचे घारगे करायचे. बिया धुऊन वाळवून भाजायच्या. आत मेणबत्तीऐवजी तेलाची पणती ठेवायची. मेणबत्तीचं मेण बहुतेकदा खनिज तेलातून येतं आणि ते गळून भोपळ्याला चिकटलं की तो गुरांनाही घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हा कंदील कुठं जातो, यावर सगळं अवलंबून आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरात गेला, तर वरच्या ओझ्याखाली तिथं हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे वेगळे जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि मिथेन वायू सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. तोच भोपळा हवेशीर मातीत गेला तर हवेवर जगणारे जिवाणू त्याचं खत करतात आणि मिथेन जवळजवळ होतच नाही. वस्तू तीच, जागा बदलली की तिचा उपद्रव बदलतो.

खताला दोन गोष्टींचा मेळ लागतो. भोपळ्यासारख्या ओल्या वस्तूत नायट्रोजन बरा असतो, सुक्या पानांत कार्बन भरपूर. जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनामागं एक भाग नायट्रोजन लागतो. नुसता भोपळा ढीग करून टाकला तर चिखल होतो आणि घाण सुटते. नुसती पानं टाकली तर वर्षभर तशीच राहतात. म्हणून भोपळ्याच्या फोडींवर त्यांच्या तिप्पट आकाराचा पातेरा, वर ओंजळभर माती किंवा शेणकाला. आंब्या-फणसाचा पातेरा आपल्याकडं उदंड, आणि तो आपण जाळत बसतो! ज्यांच्या दारात माड आहे त्यांना तर काहीच शिकवायला नको. माडाचं आळं उकरायचं, फोडी टाकायच्या, पातेरा लोटायचा, माती ओढायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भोकं पाडलेली जुनी बादली घेतली तरी भागतं.

हळदीचं रक्त

भुताच्या पार्टीला रक्त हवंच. बाटलीतलं तयार रक्त आणण्याआधी स्वयंपाकघरातला डबा उघडावा.

हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाच्या पाण्यात टाकला की डाग एकदम लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. हळदीतला रंग म्हणजे कुरकुमिन. लिंबासारख्या आंबट किंवा साध्या पाण्यात तो पिवळा राहतो. साबण, सोडा, चुना हे अल्कली पदार्थ. त्यांच्या सहवासात कुरकुमिनच्या रेणूची ठेवण बदलते, तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषतो आणि आपल्याला लाल दिसू लागतो. हळदीचं पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं.

आता एक जुनी सुती चादर घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून दोन-तीन चमचे हळद घाला, चादर बुडवा, पिळा आणि सावलीत वाळवा. संध्याकाळी धुण्याच्या सोड्याचं पाणी करून, मोठ्या माणसानं, जुन्या ब्रशनं चादरीवर शिंतोडे उडवायचे. पिवळ्या कापडावर बघता बघता लाल-तपकिरी ओघळ फुटतात. ब्रशनं हाताचा पंजाही काढता येतो. पंजावर लिंबू पिळलं की तो मुलांच्या देखत पुन्हा पिवळा होऊन नाहीसा होतो! कुठल्याही विकतच्या रक्ताला हे जमत नाही. सोड्याचं पाणी अंगाला मात्र लावायचं नाही, कातडी चरचरते. तोंड रंगवायला पांढऱ्यासाठी खोबरेल तेलात तांदळाची पिठी, काळ्यासाठी करवंटीचा कोळसा बारीक वस्त्रगाळ करून, लालसाठी बीट.

आणि चादरीचं काय? साबणानं धुऊन कडक उन्हात चार दिवस टाकायची. कुरकुमिनला ऊन सोसत नाही. प्रकाशानं त्याचा रेणू तुटतो आणि रंग उडतो. रत्नागिरीत नोव्हेंबरच्या उन्हाला तोटा नाही.

चमचमणाऱ्या भुकटीपासून तेवढं लांब राहावं. ती म्हणजे धातूचा मुलामा दिलेलं, मुद्दाम बारीक कापलेलं प्लॅस्टिक. बाकीच्या प्लॅस्टिकचा चुरा व्हायला वर्षं लागतात. हे आधीच चुरा होऊन येतं. युरोपीय संघानं अशा सुट्या भुकटीच्या विक्रीवर ऑक्टोबर 2023 पासून निर्बंध घातले आहेत.

खाऊचा कागद

सगळ्यात लहान आणि सगळ्यात चिवट कचरा खाऊचा. चॉकलेटचं वेष्टन हातात घेऊन बघा. एकच पापुद्रा वाटतो. बहुतेक वेळा तिथं दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एक छपाईसाठी, एक दमट हवा अडवण्यासाठी, चकाकणारा धातूचा, आणि एक उष्णतेनं कडा चिकटण्यासाठी. प्रत्येक थर वेगळ्या पदार्थाचा. एकेकटा असता तर वितळवून पुन्हा वापरता आला असता. चिकटलेले थर परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत. भंगारवाला पाण्याची बाटली घेतो आणि वेष्टन घेत नाही, त्याचं कारण हे.

आपल्याकडचा जुना खाऊ बिनवेष्टनाचाच होता. कुरमुऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खाजा, फणसपोळीचे तुकडे, भाजलेले काजू. फणसपोळीही आता प्लॅस्टिकच्या पाकिटात येते, म्हणून किलोवर सुटी घ्यावी आणि घरून डबा न्यावा. द्रोण घेतलेत तर हात फिरवून बघा. चंदेरी द्रोणाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो पानाच्या द्रोणाचं सोंग घेऊन आलेला, आणि हॅलोविनपुरताच नव्हे.

चौकट: कायदा काय म्हणतो

1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. फुग्याची प्लॅस्टिकची काडी, गोळीची आणि आईस्क्रीमची काडी, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्माकोल, प्लॅस्टिकचे चमचे, पेले आणि ताटल्या हे सगळं तीत येतं. थर्माकोलची कबर कापून दारात उभी करणं म्हणजे नुसता कचरा नव्हे, नियमभंगही आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा आणि करवंटीचा कोळसा यांत तीच कबर होते. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन वाटांनी कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं.

पार्टी संपल्यावर

शेवटी उरतो तो ढीग आणि ‘टाका होळीत’ म्हणणारा एक काका. त्याला थांबवा. मुखवटे आणि टेबलावर अंथरायचे चकचकीत कागद यांत पीव्हीसी असू शकतं. ते उघड्यावर जळलं की आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन ही विषारी संयुगं तयार होतात. थर्माकोलच्या धुरात नुसती काजळी दिसत असली तरी फुप्फुसांना तीही पुरेशी आहे. लाकडाच्या होळीत प्लॅस्टिक घालायचं नाही, मग ती फाल्गुनातली असो की ऑक्टोबरमधली.

डोळे लुकलुकणाऱ्या मुखवट्यांत आणि दिव्यांत बटणाएवढे सेल असतात. ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत भाजून काढतो, आणि तसं झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. वापरून झालेले सेल एका बरणीत साठवून घातक कचऱ्यात द्यावेत.

सोसायटीच्या मंडळींना एकच विनंती आहे. यंदाच्या वर्गणीतून पोशाख मागवू नका. एक पत्र्याची पेटी घ्या. ज्यांच्या घरी मागच्या वर्षीचे झगे, टोप्या, मुखवटे पडून आहेत त्यांनी ते तीत आणून टाकावेत, आणि 31 तारखेला ज्याला जे बसेल ते त्यानं घालावं. घुंगरांचा एक पट्टाही मिळवून ठेवा. मुलांना भिववायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.